हत्तीचा खर्च, तोफेचा ताळेबंद

जबलपुरात संरक्षण खात्याचे चार मोठे कारखाने आहेत. तोफा आणि तोफगाड्यांची गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतला, १९४२चा. लष्करी ट्रक बांधणारी व्हेइकल फॅक्टरी १९६९ची. आणि चौथी, बिडाचं ओतकाम करणारी ग्रे आयर्न फाउंड्री. ३० सप्टेंबर २०२१च्या रात्रीपर्यंत हे चारही कारखाने एकाच सरकारी मंडळाचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळचा भोंगा वाजला तेव्हा ते चार वेगवेगळ्या कंपन्यांचे झाले होते.

देशातले ४१ कारखाने त्या दिवशी सात कंपन्यांत वाटले गेले. जबलपूरच्या चार भावांची चार घरं झाली. खमरिया पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला, फाउंड्री नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, गन कॅरेज कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडियाकडे आणि व्हेइकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडीतल्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. एक शहर, चार ताळेबंद!

मला या बदलात सगळ्यात जास्त आस्था वाटते ती शॉपफ्लोअरवरच्या अधिकाऱ्यांबद्दल. धातूचा रंग बघून तापमान सांगणारी ही माणसं. त्यांच्यापुढे एकदम मार्जिन, वर्किंग कॅपिटल, रिसिव्हेबल्स असे शब्द येऊन पडले. हे लिखाण त्यांच्यासाठी आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका, इस्पितळाचे व्यवस्थापक, विक्रीप्रमुख, म्हणजे अकाउंट्सकडून आलेल्या कागदावर ज्यांना सही करावी लागते त्या सगळ्यांसाठीही आहे. हिशेबाचे धडे पुस्तकात शोधायची गरज नाही, ते जबलपूरच्या रस्त्यांवर सापडतात. चला, फिरून येऊ.

खात्यात पैसे आले, पण कमाई झाली का?

जुन्या पद्धतीत हे कारखाने लष्कराला माल देत तो ना नफा ना तोटा या तत्त्वावर. जितका खर्च, तितकी किंमत. ऐकायला सरळ वाटतं, पण त्यात एक मोठी अडचण आहे. खर्च वाढला की किंमत आपोआप वाढते, त्यामुळे काटकसर केली काय आणि नाही केली काय, कागदावर फरक दिसत नाही. कंपनी झाल्यावर किंमत आधी ठरते आणि खर्च तिच्या आत बसवावा लागतो. हिशेबाची दिशाच उलटी झाली.

आता सुरुवातीचीच एक गोष्ट बघा. नव्या सात कंपन्यांचं काम सुरू होण्याआधी सरकारने त्यांना २०२१-२२च्या लक्ष्याच्या ६० टक्के रक्कम आगाऊ दिली. ती ७,७६५ कोटी रुपये होती. एक तोफ नाही, एक ट्रक नाही, अजून काहीच दिलेलं नाही, आणि बँकेत हजारो कोटी! मग पहिल्याच दिवशी कंपन्या फायद्यात आल्या?

मुळीच नाही. आगाऊ घेतलेली रक्कम ताळेबंदात देण्याच्या बाजूला बसते, कारण ती लष्कराची आहे आणि तिच्या बदल्यात माल द्यायचा आहे. माल दिला की तेवढ्या रकमेची विक्री धरायची. लग्नाच्या कार्यालयाचा मालक बयाणा घेतो तेव्हा तो श्रीमंत होत नाही, बांधला जातो. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी अकाउंट्सच्या बैठकीत निम्मं बोलणं समजायला लागतं.

पहिल्या सहा महिन्यांअखेर, म्हणजे मार्च २०२२ला, सातांपैकी सहा कंपन्यांनी हंगामी आकड्यांत नफा दाखवला. तोटा दाखवणारी एकच होती, यंत्र इंडिया. आगाऊ रक्कम तर वाटली गेली होती, तरी निकाल वेगळा लागला. बँकेतली शिल्लक आणि नफा या दोन वेगळ्या वाटा आहेत, याचं इतकं ताजं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

पासबुक उलटं का लिहिलेलं असतं?

हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. अकाउंट्सवाले सांगतात, रोकड वाढली की कॅश खात्याला डेबिट. आणि बँकेत पैसे भरले की पासबुकात दिसतं क्रेडिट. मग खरं कोण?

दोघंही खरे. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, तुमच्या वहीची नाही. तुम्ही हजार रुपये भरले म्हणजे बँक तुमचं हजार रुपये देणं लागते. तिच्या दृष्टीने ते देणं, म्हणून क्रेडिट.

मराठीत तर हे आणखी सोपं आहे, कारण आपल्याकडे डेबिटला 'नावे' आणि क्रेडिटला 'जमा' म्हणतात. ज्याने घेतलं त्याच्या नावे, ज्याने दिलं त्याचं जमा. वाण्याच्या दुकानात "मांडून ठेवा" म्हणतो तेव्हा आपण दुहेरी नोंदीचं अर्धं पान स्वतःच लिहवून घेत असतो. वाण्याची साखर कमी झाली, आपल्याकडचं येणं वाढलं, दोन्ही बाजू त्याच्या वहीत उमटल्या.

ही दुहेरी पद्धत छापील पुस्तकात पहिल्यांदा सविस्तर मांडली ती लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूने, १४९४ साली, व्हेनिसमध्ये. पद्धत त्याने शोधली नाही, व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरतच होते, त्याने ती लिहून काढली. हाच पाचोली पुढे लिओनार्दो दा विंचीचा गणितातला गुरू झाला आणि लिओनार्दोने त्याच्या दुसऱ्या एका पुस्तकासाठी चित्रं काढून दिली. जमाखर्च रुक्ष असतो असं म्हणणाऱ्यांना ही मैत्री जरूर सांगावी.

आपले शब्दही ऐकण्यासारखे आहेत. रोजची नोंद ती कीर्द, हा शब्द फारसीतून आला, 'केलेलं' या अर्थाने. खात्याखात्याने लावलेली ती खतावणी. ताळा बघून बंद केलेला तो ताळेबंद. नाना फडणीस ज्या पदामुळे फडणीस झाले ते पद हिशेबाचंच, मूळ शब्द फर्दनवीस, म्हणजे फर्द लिहिणारा. जबलपूरचा मुलूख १७८१ पासून सागरच्या मराठ्यांकडे आणि नंतर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. वसूल, बाकी, झाडा हे शब्द नर्मदाकाठाला दोनशे वर्षांपूर्वीच ओळखीचे झाले असणार.

मटार, सूट, पान आणि तोफ

आता माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळणार आहे. माल विकत घेण्यापासून त्याचे पैसे हातात येईपर्यंत किती दिवस जातात, याला खेळत्या भांडवलाचं चक्र म्हणतात. जबलपुरात एकाच शहरात या चक्राच्या चार गती दिसतात.

सगळ्यात वेगवान म्हणजे मटार. सिहोरा, पाटण, शहापुरा या पट्ट्यातला हिवाळ्यातला हिरवा मटार देशभर जातो. शेंग तोडली की घड्याळ सुरू. दोन दिवस उशीर झाला तर दर पडतो, चार दिवस झाला तर मालच हातचा जातो. मटारचा व्यापारी 'इन्व्हेंटरी टर्नओव्हर' हा शब्द कदाचित कधी उच्चारत नसेल, पण त्याच्याइतका तो कुणालाच कळत नाही. पडून राहिलेला माल म्हणजे कुजणारा पैसा, हे त्याला वासावरून कळतं.

दुसरी गती तयार कपड्यांची. जबलपूरचे सलवार-सूट मध्य भारतात ठिकठिकाणी विकले जातात. इथे माल कुजत नाही आणि तोच धोका आहे, कारण नुकसान दिसत नाही. एक हिशेब मांडू या. समजा, एका कारखानदाराने कापड ३० दिवसांच्या उधारीवर घेतलं. शिवायला २० दिवस लागले. माल गोदामात २५ दिवस राहिला. मग दुसऱ्या गावच्या दुकानदाराला ६० दिवसांच्या उधारीवर दिला. बेरीज १०५ दिवस, त्यातून कापडवाल्याने दिलेले ३० दिवस वजा. उरले ७५. म्हणजे अडीच महिने त्याला स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर तग धरायचा आहे. महिन्याचा खर्च १० लाख असेल तर २५ लाख रुपये कायम अडकलेले. बँकेचं व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला ३ लाख रुपये गेले, आणि ते कुठल्या बिलात दिसले नाहीत.

आता विक्रीप्रमुख उत्साहाने येऊन सांगतो, "६०ऐवजी ९० दिवस उधारी दिली तर ऑर्डर वाढेल!" वाढेलही. पण आणखी १० लाख अडकतील आणि व्याज ३ लाखांवरून ४ लाख २० हजारांवर जाईल, आणि हे वाढीव ऑर्डरचा खर्च धरण्याआधी. ऑर्डरमधून त्याहून जास्त सुटत असेल तर जरूर द्यावी, नसेल तर गोड बोलून नाकारावी. हा निर्णय अकाउंट्सचा नाही, विक्रीप्रमुखाचा आहे. म्हणून हा हिशेब त्याला यायला हवा.

तिसरी गती तेंदूपत्त्याची. विडीची पानं जंगलातून तोडली जातात ती उन्हाळ्याच्या जेमतेम दीड-दोन महिन्यांत आणि विडी वळली जाते वर्षभर. वर्षाचा कच्चा माल एका हंगामात खरेदी करून ठेवायचा. मध्यप्रदेशात १९६४च्या कायद्याने हा व्यापार राज्याच्या ताब्यात आला. मोजमापही पाहण्यासारखं आहे. ५० पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचं एक प्रमाणित पोतं. म्हणजे एका पोत्यात ५० हजार पानं! गोदामातला माल मोजायचा तर आधी एकक ठरवावं लागतं. किती कंपन्यांत स्टोअर किलोत मोजतं, उत्पादन नगात मोजतं आणि अकाउंट्स रुपयांत, आणि मार्चअखेर तिघांचा मेळ बसत नाही.

चौथी गती तोफेची. गन कॅरेजमध्ये बनणारी १५५ मिलिमीटरची धनुष तोफ. पहिल्या सहा तोफा एप्रिल २०१९मध्ये लष्कराच्या हाती आल्या, पूर्ण मागणी ११४ तोफांची. पोलाद आलं, यंत्रावर चढलं, सुटे भाग जुळले, चाचणी झाली, तेव्हा कुठे तोफ दारातून बाहेर पडते. या सगळ्या काळात तिच्यावर झालेला खर्च हा खर्चखाती पडत नाही, 'अपुरं काम' म्हणून मालमत्तेत बसतो. शॉपफ्लोअरवर उभा असलेला अर्धवट सांगाडा ताळेबंदात लाखो-कोटींचा ऐवज असतो. तो पुढे सरकला नाही तर पैसाही तिथेच उभा. म्हणून एखादा किरकोळ सुटा भाग आला नाही की संपूर्ण तोफ थांबते तेव्हा त्या भागाची किंमत बघायची नसते, थांबलेल्या तोफेची बघायची असते.

४५ दिवस

कापडवाल्याचे पैसे लांबवले की आपलं चक्र छोटं होतं, हे आत्ताच आपण वजाबाकीत पाहिलं. मग लांबवत राहावं? २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून त्याला धार आली. मुदतीत दिले नाहीत तर ती खरेदी त्या वर्षीच्या आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरा. मला हा नियम मनापासून पटतो. कारखान्यांच्या आजूबाजूला छोटे पुरवठादार असतात. मोठ्याच्या ताळेबंदातली 'देणी' हा एक आकडा असला तरी समोर एका घराचा महिन्याचा पगार असतो.

भेडाघाटची नाव

पंचवटी घाटावरून संगमरवरी कड्यांमधून नाव जाते. नावाडी एकेका कड्याला नाव देत, यमकं जुळवत बोलत राहतात. तुम्ही ते ऐकत असताना मी तुम्हाला एक गणित घालतो.

समजा, परवाना, डागडुजी, रंगरंगोटी असा नावेचा हंगामी खर्च १ लाख २० हजार. नाव एकदाही पाण्यात गेली नाही तरी हा होणारच. हा स्थिर खर्च. प्रत्येक फेरीला वल्हवणाऱ्यांची मजुरी ४०० रुपये. हा बदलता खर्च. फेरीला दहा माणसं, माणशी १०० रुपये, म्हणजे हजार. हजारातून ४०० गेले, उरले ६००. हे ६०० अजून नफा नाहीत, ते त्या १ लाख २० हजारांचा खड्डा भरत आहेत. २०० फेऱ्या झाल्या की खड्डा भरला. हाच ना नफा ना तोटा बिंदू. २०१व्या फेरीपासून मात्र प्रत्येक ६०० रुपये निव्वळ घरी.

पावसाळ्यात नर्मदा चढते आणि नावा बंद होतात. म्हणजे २०० फेऱ्यांसाठी वर्ष नाही, कोरडे महिनेच आहेत. शरदातल्या पौर्णिमेच्या रात्री घाटावर गर्दी उसळते ती नावाड्याला इतकी प्रिय का, हे आता सांगायला नको.

आणि खरी परीक्षा पुढे आहे. नाव सुटणार आहे, सहा माणसं बसलीत, चार जागा रिकाम्या. चार विद्यार्थी येऊन म्हणतात, "काका, पन्नास-पन्नासला न्या ना." घ्यावं का? फेरीचा खर्च तर ठरलेलाच आहे, ते बसले काय नि न बसले काय. वरचे २०० रुपये सरळ फायद्याचे. म्हणून घ्यावं. पण आधी बसलेल्या सहा जणांनी ऐकलं आणि उद्यापासून सगळेच पन्नास मागू लागले तर? फेरीचे ५०० आले, ४०० गेले, राहिले १००, आणि २०० फेऱ्यांचा खड्डा १,२०० फेऱ्यांचा झाला. शेवटच्या रिकाम्या जागेचा दर हा कधीच पहिल्या जागेचा दर होता कामा नये. विमान कंपन्या, हॉटेलं, कारखाने, सगळीकडे हेच चालतं.

स्थिर आणि बदलत्या खर्चाचा आणखी एक धडा दर महिन्याला घरी येतो. जबलपुरातल्या रामपूर भागात, शक्तिभवनात, मध्यप्रदेशच्या काही वीज कंपन्यांचं मुख्यालय आहे, आणि त्यांच्या बिलात दोन ओळी वेगळ्या असतात: स्थिर आकार आणि ऊर्जा आकार. घराला कुलूप लावून महिनाभर नागपूरला गेलात तरी पहिली ओळ येतेच.

जोंगाचं वय किती?

जोंगा ही लष्करी जीप जबलपूरची. नावातच गाव आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, या शब्दांची आद्याक्षरं. निस्सानच्या परवान्यावर ती इथे बनली, १९९९ला बंद झाली. लष्कराच्या लिलावांतून बाहेर पडलेल्या जोंगा आजही हौशी लोक प्रेमाने सांभाळतात.

हिशेबाच्या वहीत मात्र जोंगा कधीच संपली असती. घासून घासून झिजतो तो घसारा. कंपनी कायदा २०१३ची दुसरी अनुसूची वस्तूंची वयं ठरवून देते. लॅपटॉप ३ वर्षं, ऑफिसातली उपकरणं ५, मोटारगाडी ८, फर्निचर १०, सर्वसाधारण यंत्रं १५, कारखान्याची इमारत ३०. शेवटी भंगाराची किंमत म्हणून साधारण ५ टक्क्यांपर्यंत शिल्लक ठेवायची. १५ लाखांचं यंत्र असेल तर ७५ हजार बाजूला ठेवा, उरलेले १४ लाख २५ हजार १५ वर्षांत वाटा. वर्षाला ९५ हजार.

त्या ९५ हजारांसाठी कुणी चेक फाडत नाही. पैसे यंत्र घेतानाच गेले. तरी दरवर्षी नफ्यातून ते वजा होतात, कारण यंत्र दरवर्षी थोडं थोडं मालात उतरत असतं. हे न धरता किंमत ठरवली तर १५ वर्षांनी यंत्र गेलेलं असतं आणि नवं घ्यायला काही उरलेलं नसतं.

आयकर खात्याची वयं पुन्हा वेगळी. तिथे संगणकावर ४० टक्के आणि सर्वसाधारण यंत्रांवर १५ टक्के, तेही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. म्हणून एकाच लॅपटॉपच्या एकाच दिवशी दोन किमती असतात, आणि दोन्ही कायदेशीर. भागधारकांना दाखवलेला नफा आणि कर भरलेला नफा जुळत नाही म्हणून लगेच कुणावर संशय घेऊ नये.

हजार हत्ती आणि पाच हजार कोटी

गढ्याची राणी दुर्गावती १५६४ साली जबलपूरजवळ लढता लढता गेली. मग मोगल सरदार आसफखानाने चौरागड जिंकला आणि गढ्याचा खजिना त्याच्या हाती लागला. अकबरनाम्यानुसार त्यात हजार हत्ती होते. बादशहाकडे किती पोचले? दोनशे. पुढे लुटीचा हिशेब मागितला जाईल या धास्तीने आसफखान बादशाही छावणीतून निघूनच गेला.

आठशे हत्ती लपतात कसे? माल ताब्यात घेणारा, मोजणारा आणि मोजणी लिहून पाठवणारा एकच माणूस असला की लपतात. म्हणून खरेदीची ऑर्डर एकाने द्यावी, माल दुसऱ्याने उतरवून घ्यावा आणि बिल तिसऱ्याने तपासावं. हे नियम माणसांवरच्या अविश्वासातून आलेले नाहीत. प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा दाखवता यावा म्हणून ते आहेत.

हत्ती तरी दिसतात, आकडे दिसत नाहीत. ७ जानेवारी २००९ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी पत्र लिहून कबूल केलं की वहीत दाखवलेली रोख आणि बँक शिल्लक यांतले ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. ताळेबंदातला सगळ्यात पक्का समजला जाणारा आकडा म्हणजे बँकेतली शिल्लक, आणि तोच पोकळ निघाला. तेव्हापासून मी कुठल्याही संस्थेचे हिशेब बघायला बसलो की पहिलं विचारतो: बँकेकडून थेट आलेलं शिल्लकपत्र कुठे आहे?

एक एप्रिलच का?

कारण १८६७ साली सरकारने भारताचं आर्थिक वर्ष इंग्लंडशी जुळवून घेतलं. त्याआधी ते १ मेला सुरू व्हायचं. व्यापाऱ्यांचं वर्ष दिवाळीला, पंचांगाचं पाडव्याला आणि सरकारचं एप्रिलला. २०१७ साली मध्यप्रदेश सरकारने जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष करायची घोषणा केली, अशी घोषणा करणारं ते पहिलं राज्य. वर्ष मात्र एप्रिललाच सुरू होत राहिलं.

व्यवस्थापकाने यातून घ्यायचं ते इतकंच: मार्चमध्ये जळलेलं डिझेल हे मार्चचंच, बिल भले एप्रिलच्या दहा तारखेला येवो.

आणि दिवाळीचा विषय निघालाच आहे तर 'दिवाळं' या शब्दाची कथा. दिवाळं निघालेला व्यापारी दुकानात भर दिवसा दिवा लावून ठेवी, त्यावरून हा शब्द आला, असं जुन्या कोशांत सांगितलं आहे. इंग्रजांचा 'बँकरप्ट' इटलीच्या मोडक्या बाकावरून आला, सराफाचं बाक. तिकडे बाक मोडायचं, इकडे दिवा लागायचा. आपलं चित्र मला जास्त करुण वाटतं.

जबलपूरचा सांधा

७ मार्च १८७०. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आली, अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा तीन वर्षं आधीच येऊन थांबला होता. जबलपूरला दोन्ही रूळ जुळले आणि मुंबई ते कलकत्ता अखंड गाडी सुरू झाली. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर होते.

या कंपन्यांच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के परतावा हमीने दिला होता. रेल्वेने कमावलं तर ठीक, नाही कमावलं तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून. हमी असल्यावर खर्चाला लगाम कोण घालणार? जितका खर्च तितकी किंमत ही आपण सुरुवातीला पाहिलेली अडचण इथे दीडशे वर्षं आधीच भेटते.

आज जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, १ एप्रिल २००३ पासून. रेल्वेवाल्यांचा लाडका आकडा म्हणजे परिचालन गुणोत्तर: शंभर रुपये कमवायला किती रुपये खर्च झाले. संपूर्ण भारतीय रेल्वेचा २०२३-२४चा आकडा ९८च्या थोडा वर. म्हणजे शंभरातले दीड-दोन रुपये हातात. कुठल्याही विभागाला लावून बघता येईल असा हा सोपा आकडा आहे. इस्पितळाला लावा, वसतिगृहाला लावा, तुमच्या शॉपला लावा. एका वर्षाचा आकडा फारसं बोलत नाही, पाच वर्षांचे एका ओळीत मांडले की बोलू लागतात.

रूळ जुळल्यावर जग किती लहान झालं, याची चर्चा युरोपात सुरू झाली आणि १८७२ साली ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी आली. तिचा नायक फिलियस फॉग मुंबईहून याच मार्गाने निघतो. कादंबरीत अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात आणि तो एक हत्ती विकत घेतो, २,००० पौंडांना! पुढे गाडी मिळाल्यावर तो हत्ती वाटाड्याला देऊन टाकतो. गेलेल्या पैशाला कवटाळून बसला असता तर हत्तीवर बसूनच कलकत्त्याला जावं लागलं असतं. जो खर्च आता परत येणार नाही तो पुढच्या निर्णयात धरू नये, हे शिकवायला याहून चांगला प्राणी नाही.

पैज किती पौंडांची? २०,०००. तो जिंकतो. पण वाटेत त्याने जवळजवळ १९,००० पौंड खर्च केलेले असतात. मिळकत वीस, खर्च एकोणीस, उरले एक हजार. ते तो आपल्या नोकराला आणि पाठलाग करणाऱ्या गुप्तहेराला वाटून टाकतो.

फक्त नोकराच्या वाट्यातून एक कपात होते. निघताना तो आपल्या खोलीतला गॅसचा दिवा मालवायला विसरलेला असतो. फॉग त्या गॅसचे पैसे काटेकोरपणे वळते करून घेतो: ऐंशी दिवस गुणिले चोवीस, १,९२० तास.